वीस मिनिटं, एक स्टेज : मदतनिधीच्या कार्यक्रमात रॉक बँड घेऊन उतरताना

आमच्या पहिल्या चॅरिटी कॉन्सर्टला आम्ही सात गाणी बसवून गेलो होतो. वाजवली साडेतीन. चौथ्या गाण्याच्या मध्यावर आयोजक ताई विंगेतून दोन्ही हातांनी ‘आवरा, आवरा’ करत होत्या आणि त्यांच्या मागे समूहगीताची पन्नासेक मुलं कागदी पंख लावून ताटकळत उभी होती. लहान पोरांना तसं उभं ठेवून सोलो वाजवत राहील इतका निर्ढावलेला गिटारवाला आमच्याकडे नव्हता. म्हणजे होता, पण तोवर साउंडवाल्याने त्याचा चॅनल बंद केला होता.

आमची वेळ खाल्ली ती आमच्याच मांडामांडीने. तब्बल चौदा मिनिटं! ड्रमच्या झांजा कसणं, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या वायरी सोडवणं, ‘माझा जॅक कुणी घेतला’ हे सगळं भरल्या सभागृहासमोर चाललं होतं.

सुट्ट्यांच्या दिवसांतले असे कार्यक्रम बँडच्या स्वतःच्या शोपेक्षा वेगळे असतात. एकाच स्टेजवर दहा-बारा मंडळी: समूहगान, नाच, कुणाचं व्हायोलिन, मध्येच भाषण. साउंडवाला एक, बाकी सगळे स्वयंसेवक. प्रेक्षकांत चार वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतचे लोक, आणि त्यातले निम्मे स्वतःच्या मुलांना बघायला आलेले. मी बास वाजवते आणि त्यानंतर असे बरेच कार्यक्रम केले. दरवेळी अनुभव हाच: गाणी बसवायला सगळ्यांना येतात, पाच मिनिटांत स्टेजवर लागायला फार थोड्यांना येतं. खालच्या पायऱ्यांमध्ये म्हणूनच वेळेचं तुणतुणं सारखं वाजेल. सहन करा.

१. ‘हो’ म्हणण्याआधी

पहिला प्रश्न पैशांचा. जमलेली रक्कम कुणाच्या खात्यात जाणार, संस्था नोंदणीकृत आहे का, खर्च वजा करून देणार की सगळीच? चांगल्या कामासाठी वाजवताना असं विचारणं अवघड वाटतं, पण विचाराच. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले. तिकिटांचे २,४३,००० डॉलरच्या वर पैसे युनिसेफकडे लवकर पोहोचले. अल्बम आणि चित्रपटातून आलेली त्याहून कितीतरी मोठी रक्कम मात्र करसवलतीची कागदपत्रं आधी न केल्यामुळे वर्षानुवर्षं अडकून पडली. हेतूबद्दल कुणालाच शंका नव्हती, कागद मात्र राहून गेले होते.

दुसरा प्रश्न: वीस मिनिटं म्हणजे नेमकं काय? वाजवायची वीस, की चढण्या-उतरण्यासकट वीस? हे शब्दांत स्पष्ट लिहून घ्या. आमचा घोळ इथूनच सुरू झाला होता.

तिसरा: ड्रमसेट, अ‍ॅम्प, माइक यांतलं काय तिथे असेल आणि काय आणायचं? ‘सगळं आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका, यादी मागा. ‘ड्रम आहे’ याचा अर्थ एकदा ‘स्काउटचा ढोल आहे’ असा निघाला होता.

हाताशी ठेवायचे कागद असे:

– तारीख, वेळ, वाजवण्याची मिनिटं आणि प्रवासखर्च कोण देणार हे लिहिलेला ईमेल
– गाण्यांची यादी, प्रत्येकापुढे संगीतकार आणि गीतकाराचं नाव
– स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट (पायरी ४ बघा)
– बँडमध्ये कुणी अठराच्या आतलं असेल तर पालकांचं संमतीपत्र
– गाडीचा नंबर आणि सामान उतरवायला आत सोडण्याची परवानगी

गाण्यांच्या यादीचं कारण सांगते. दुसऱ्याचं गाणं जाहीर कार्यक्रमात वाजवायला परवाना लागतो. तो बहुतेक ठिकाणी सभागृह किंवा आयोजक घेतात, पण त्यांना तुमची यादी हवी असते. कार्यक्रम धर्मादाय आहे म्हणून परवाना आपोआप माफ होत नाही. खूप जुन्या चालींना ही अडचण नसते. ‘जिंगल बेल्स’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यामुळे त्याची मूळ चाल कुणीही वाजवावी. मात्र एखाद्या अलीकडच्या संगीतकाराने त्याची केलेली खास मांडणी उचललीत तर तिचे हक्क वेगळे असू शकतात. व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं ही आणखी तिसरीच गोष्ट. त्याची परवानगी वेगळी विचारा. आणि त्यात इतरांची मुलं दिसत असतील तर टाकूच नका.

२. गाणी निवडा, मग त्यातलं एक काढा

वीस मिनिटांत वाजवायला मिळतात सतरा. टाळ्या, दोन वाक्यं, गिटार बदलणं यात तीन जातात. चार मिनिटांचं एक धरलं तर चार गाणी. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात क्वीन या बँडने सुमारे एकवीस मिनिटांत सहा गाणी बसवली, ती काही गाणी कापून, एकातून दुसऱ्यात जात. आपण क्वीन नाही. पण लांबलेली सुरुवात छाटणं, दोन सोलोंचा एक करणं आणि शेवटचं ध्रुवपद दोनदाच घेणं आपल्यालाही जमतं.

पहिलं गाणं ओळखीचं हवं, कारण समोरचे लोक तुमचे चाहते नाहीत. स्वतःचं नवं गाणं वाजवायची हौस असेल तर ते दुसऱ्या क्रमांकावर आणि तेही एकच. शब्द एकदा मोठ्याने वाचून बघा. रोज गाताना लक्षात न येणारी शिवी पहिल्या रांगेत आजी बसल्या की लख्ख ऐकू येते.

सुट्टीच्या हंगामातलं एक पारंपरिक गाणं रॉक ढंगात करायचा मोह सगळ्यांना होतो. जरूर करा, पण चालीला हात लावू नका. ताल, कॉर्ड, आवाजाचा पोत बदला. आणखी एक सापळा: यातली कितीतरी गाणी तीन किंवा सहा मात्रांच्या, दादऱ्यासारख्या झुलत्या लयीत आहेत. ती ओढून चार मात्रांच्या रॉक ठेक्यात बसवली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मात्रा लोंबकळते. बँडला सवय होते. पण सोबत गाणारे तीनशे लोक दर ओळीला चुकीच्या जागी उठतात आणि सभागृहात गोंधळ माजतो. झुलती लय तशीच ठेवून ड्रम जड वाजवा, ते छान लागतं.

यादीतल्या एका गाण्यापुढे ‘वेळ नसेल तर गाळा’ असं आधीच लिहून ठेवा. गाळायचं गाणं शेवटचं नको, तिसरं असू द्या. शेवट जोरकस ठेवलेला असतो, तोच कापला तर उतरताना हात हलवायलाही तोंड राहत नाही.

३. पट्टी ठरवा, आणि पाहुण्यांना कळवा

अशा कार्यक्रमांत शेवटी ‘सगळे मिळून एक गाणं’ हमखास असतं. समूहगानाची मुलं, ट्रम्पेटवाला काका, आणि साथीला तुमचा बँड. इथे पट्टी गायकांची, गिटारवाल्याची नाही. गिटारवाल्यांना ई आणि ए प्रिय, कारण मोकळ्या तारा वाजतात. पण बी फ्लॅटच्या ट्रम्पेटचं संगीत एक सूर वर लिहितात, म्हणून त्याला आपला ई म्हणजे एफ शार्प, सहा शार्पांचा डोंगर. हौशी वादकाच्या हातात तो दिलात तर दोष तुमचा. एफ किंवा बी फ्लॅट घ्या. ट्रम्पेटला तो जी किंवा सी पडतो. गिटारला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा: एफसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि हाताला तोच सवयीचा ई.

ठरलेली पट्टी, लय (मेट्रोनोमचा आकडा) आणि कडव्यांचा क्रम पाहुण्यांना किमान दोन आठवडे आधी पाठवा. सोबत फोनवर केलेलं साधं रेकॉर्डिंगही द्या. कागदापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

४. स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट

नवख्या बँडांपैकी जवळजवळ कुणीच हे पाठवत नाही, आणि जो पाठवतो त्याच्यावर साउंडवाला दिवसभर खूश असतो. दोन कागद. पहिल्यावर स्टेजचं चित्र: कोण कुठे उभा, अ‍ॅम्प कुठे, वीज कुठे लागेल, मॉनिटर (कलाकारांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे वळवलेले स्पीकर) कुठे. साध्या चौकोन-गोलांचं चित्र पुरतं. प्रेक्षकांची बाजू कोणती हे मात्र ठळक लिहा, कारण स्टेजचं ‘डावं’ म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या कलाकाराचं डावं. हे न कळल्यामुळे आमचा कीबोर्ड एकदा पडद्याच्या दोऱ्यांमध्ये मांडला गेला.

दुसरा कागद चॅनलांचा. आमचा असा होता: किक ड्रम, स्नेअर, झांजांवर दोन माइक (झाले चार), बास पाच, गिटार सहा, कीबोर्ड डावा-उजवा सात-आठ, गायनाचे तीन, एकूण अकरा. आता आयोजकांकडे सोळा चॅनलचा मिक्सर आहे असं धरा. समूहगानाला चार माइक, निवेदकाला एक. झाले सोळा. सॅक्सोफोनवाल्या पाहुण्याचा माइक कुठे लावणार? हा हिशोब कागदावर दोन आठवडे आधी दिसला तर कीबोर्ड मोनो, म्हणजे एकाच चॅनलवर, करता येतो, झांजांवरचा एक माइक काढता येतो, आणि दोन चॅनल मोकळे होतात. स्टेजवर दिसला तर भांडण होतं.

बास आणि कीबोर्डपुढे ‘डीआय’ असं लिहा. डीआय बॉक्स हा छोटा डबा वाद्याचा सिग्नल लांब माइकच्या वायरीतून मिक्सरपर्यंत नेण्याजोगा करतो. वाद्याची साधी वायर फार लांब वापरली, विशेषतः बॅटरी नसलेल्या गिटारीला, की वरचे सूर बोथट होतात. सहा मीटरच्या आत ठेवा. डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं. गुणगुण येऊ लागली तर आधी ते दाबून बघा. पण विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवणारा कुणी भेटला तर त्याला स्टेजवरून खाली उतरवा. त्यात जीव जातो.

गुणगुणीचं आणखी एक कारण या हंगामात खास: स्टेजभर लावलेल्या दिव्यांच्या माळा. त्या किंवा स्टेजचे दिवे डिमरवर असतील तर सिंगल कॉइल पिकअपची (तारांखालच्या एकेरी चुंबकी वेटोळ्याची) गिटार ती चुरचुर उचलते. शक्य असेल तर आवाजासाठी विजेचं वेगळं सर्किट मागा, नाहीतर हंबकरवाली, म्हणजे गुणगुण कापणाऱ्या दुहेरी वेटोळ्याची, गिटार न्या.

ड्रमसेट सगळ्यांचा सामायिक असेल तर रिवाज असा: स्नेअर, झांजा, किकचं पेडल आणि स्टूल ज्याचं त्याने आणायचं. ड्रमर डावखुरा असेल तर हे सगळ्यात आधी कळवा. उलटा सेट मांडायला जी मिनिटं लागतात ती आयत्या वेळी कुणीच देत नाही.

५. तालीम: गाण्यांची कमी, मांडण्याची जास्त

गाण्यांची तालीम कशी करायची ते तुम्हाला माहीत आहे. तीनच गोष्टी सांगते. एक, गोल करून वाजवणं शेवटच्या दोन तालमींना बंद करा. स्टेजवर सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, डोळ्यांच्या खुणा चालत नाहीत. भिंतीकडे तोंड करून वाजवा, म्हणजे कळेल की कोण कुणाच्या मानेकडे बघून शेवट करत होतं. दोन, लयीचे आकडे ड्रमरच्या यादीवर लिहा. स्टेजवर छाती धडधडते आणि प्रत्येक गाणं पळतं. तीन, दाटीवाटीने उभं राहायची सवय करा. मोठं स्टेज मिळालं की बँड पसरतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या ड्रमचा ठोका तुमच्या कानात जवळपास तीन शतांश सेकंद उशिरा येतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बास आणि किक यांचं त्यात फाटतं. मी ड्रमरच्या झांजेला हात लागेल इतकी जवळ उभी राहते.

आता खरी तालीम. सगळं सामान खोलीबाहेर काढा, फोनवर घड्याळ लावा, आणि आत येऊन पहिला सूर वाजेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. पुन्हा बाहेर काढा. पुन्हा. आमचा आकडा चौदावरून साडेचारवर आला, एका रविवारी, तीन फेऱ्यांत आणि दोन रुसव्यांत. युक्त्या अशा:

पेडलं एका फळीवर पक्की बसवून त्यांना एकच वीजजोडणी ठेवायची. झांजा स्टँडवर आधीच कसून विंगेत उभ्या करायच्या. कीबोर्डच्या वायरी कीबोर्डला लावूनच आणायच्या. कुणी काय उचलायचं ते ठरलेलं, आणि ज्याचं काम संपलं त्याने ड्रमरला मदत करायची. गायकाने पाण्याची बाटली घेऊन शेवटी यायचं नाही, तोही उचलणार.

आणि कुणीही रिकामटेकडं गिटार छेडत बसायचं नाही. ट्यूनिंग विंगेत, स्टेजवर फक्त आवाज बंद करून ट्यूनर पेडलवर. त्या १९७१ च्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा रविशंकर म्हणाले होते की जुळवणं इतकं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. त्यांच्या जुळवण्यालाही टाळ्या मिळाल्या. आपल्याला जांभया मिळतात.

६. बॅगेत काय

तारांचा जादा संच, जादा वायरी, पिकं, कॅपो, क्लिपचा ट्यूनर, नऊ व्होल्टची बॅटरी, जादा ड्रमस्टिक आणि झांजांच्या वाट्या-नट, कापडी गॅफर टेप (साध्या चिकटपट्टीने फरशीवर डिंक उरतो), जाड मार्कर, विजेची एक्स्टेन्शन, छोटा टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, ड्रमखाली घालायची सतरंजी, कारण गुळगुळीत स्टेजवर किक ड्रम गाणं संपेपर्यंत प्रेक्षकांत पोहोचतो. कानाचे बोळे. गाण्यांची यादी प्रत्येकाला एक, मोठ्या अक्षरात, कागदावर. फोन नको, तो नेमका झोपतो. प्रत्येक वस्तूवर नाव.

नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नका, दोन दिवस आधी चढवून ताणून घ्या.

७. कार्यक्रमाचा दिवस

बाहेर थंडी असेल तर वाद्यं लवकर आत आणा आणि केस बंद ठेवूनच थोडा वेळ हवेशी जुळू द्या. गार गिटार जुळवून तुम्ही तापलेल्या दिव्यांखाली गेलात की तारा प्रसरण पावतात आणि सूर उतरतो. चढायच्या पाच मिनिटं आधी पुन्हा जुळवा.

साउंडचेक बहुधा उलट्या क्रमाने होतो: शेवटी वाजवणारे आधी, म्हणजे पहिल्यांदा वाजवणाऱ्यांची मांडणी तशीच राहते. तुमची वेळ सकाळी अकराला आली आणि कार्यक्रम संध्याकाळी सातला, तर कुरकुरू नका. चेक झाल्यावर अ‍ॅम्पच्या बटणांचा फोटो काढा आणि पायांच्या जागा टेपने खुणा करून ठेवा.

पुष्कळदा साउंडचेक मिळतच नाही, मिळतो फक्त लाइन चेक: प्रत्येक चॅनलला आवाज येतो का, एवढंच. तुमचं नाव घेतल्यावर वाजवा, तोवर गप्प. वाजवाल तेव्हा गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग वाजवा. चेकला हळू आणि गाण्यात दणकून वाजवलं की आवाज फाटतो आणि शिव्या साउंडवाल्याला बसतात. मॉनिटरमध्ये एकच गोष्ट मागा: गायकाला स्वतःचा आवाज, बाकीच्यांना गायकाचा. ‘सगळंच थोडं थोडं’ मागितलं की कुणालाच काही ऐकू येत नाही.

गिटारचा अ‍ॅम्प तिरपा करून आवाज स्वतःच्या कानाकडे येऊ द्या. गुडघ्यांना ऐकवत राहिलात तर तुम्ही वाढवत जाता आणि तिसऱ्या रांगेतला माणूस उठून जातो. मुलांच्या कानांचा विचार करा. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेच्या ‘निऑश’ या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं अशी आहे. शंभर हा आकडा रॉक बँड छोट्या सभागृहात सहज गाठतो. स्पीकरसमोरची पहिली रांग मोकळी ठेवायला आयोजकांना सांगा.

८. स्टेजवर

बोलणारा एकच ठरवा. निधी कशासाठी आहे यावर एक वाक्य, बँडचं नाव, पुढचं गाणं. देणग्यांचं आवाहन निवेदकाला करू द्या. त्यांनी ते तोलूनमापून लिहिलेलं असतं.

काही ना काही बिघडेलच. लाइव्ह एडच्या शेवटाकडे पॉल मॅकार्टनी पियानोवर बसले आणि पहिली दोनेक मिनिटं त्यांचा माइकच लागला नव्हता. ते वाजवत-गात राहिले, लोकांनी ओळी उचलल्या. आपला नियमही तोच: गाणं थांबवायचं नाही, हात वर करून साउंडवाल्याला खूण, आणि शेजारच्या गायकाने आपला माइक पुढे करायचा. कुणी चुकून कडवं आधी घेतलं तर सगळ्यांनी गायकामागे जायचं. गायक चुकला तरी गायक बरोबर. (ड्रमरला हे पटायला आम्हाला दोन वर्षं लागली.)

विंगेत एका स्वयंसेवकाला वेळेची खूण करायला सांगा: पाच मिनिटं उरली की पिवळा कागद, दोन उरली की लाल. पिवळा दिसला आणि अजून तिसरं गाणं सुरू व्हायचं आहे? मग तेच ते गाळायचं.

९. उतरणं

शेवटचा ठोका झाला की वाकून नमस्कार आणि लगेच उचला. वायरी गुंडाळत स्टेजवर बसू नका. सगळं तसंच्या तसं विंगेत न्या, गुंडाळणं तिथे. उतरायलाही तालीम केलेली असेल तर दोन मिनिटं पुरतात. अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर आणल्याशिवाय जॅक ओढू नका, तो धडाड आवाज पुढच्या मुलांचा जीव काढतो. आयोजकांचे माइक आणि डीआय मोजून परत करा, साउंडवाल्याचे आभार माना, आणि मग प्रेक्षकांत जाऊन बाकीचा कार्यक्रम बघा. वाजवून झालं की गाडी काढणारे बँड पुढच्या वर्षी बोलावले जात नाहीत.

निघण्याआधी टॉर्च घेऊन स्टेजमागे एक चक्कर मारा. आमचा कॅपो एका वर्षी काही केल्या सापडला नाही. तीन आठवड्यांनी एका आईचा फोन आला: समूहगानातल्या तिच्या मुलीने तो केसांची क्लिप समजून लावला होता आणि तेव्हापासून काढायला तयार नव्हती. त्यावर मार्करने नंबर लिहिलेला होता म्हणून कळलं.